पाहुण्यांचा अभ्यास

ग्रामविकासाच्या शासकीय शब्दकोशात ‘अभ्यास दौरा’ ही संज्ञा मोठ्या मानाने मिरवत असली, तरी तिच्यातील दोन शब्दांचे आपसात कधी फारसे पटलेले नाही. कारण अभ्यासाला बैठक लागते आणि दौऱ्याला चाके लागतात, आणि या ओढाताणीत बहुधा चाकांचीच सरशी होते. एका गावच्या बचत गटाने, ग्रामपंचायतीने किंवा शेतकरी गटाने दुसऱ्या गावच्या तशाच गटाकडे जावे, त्याचे काम पाहावे, चार गोष्टी विचाराव्यात आणि परत येऊन त्यांपैकी निदान एक तरी करून पाहावी, अशी या संज्ञेची ढोबळ व्याख्या करता येते. कागदोपत्री तिला ‘क्षेत्रभेट’ म्हणतात, गटातल्या बाया सरळ ‘एक्स्पोजरला चाललो’ म्हणतात, आणि हैदराबादी उर्दूच्या शेजारात वाढलेल्या नांदेडकराच्या कानावर ‘दौरा’ हा शब्द पडला, की तो कोणाला तरी ‘पडला’ असावा अशी शंका त्याला येते. एखाद्या आदर्श गावात आठवड्याला तीन-तीन दौरे येऊ लागले, की ही शंका अगदीच निराधार राहत नाही.

लातूरहून नांदेडकडे येताना शहराच्या अलीकडे विष्णुपुरी लागते, आणि या विषयाच्या अभ्यासकाला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून, स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ येथे आहे, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये येथे आहेत, गोदावरीवरचे धरण येथे आहे आणि धरणाच्या पाण्याशेजारी काळेश्वराचे देऊळही आहे. म्हणजे विद्या, यंत्र, औषध, पाणी आणि पुण्य या पाचही गोष्टी एकाच थांब्यावर उरकता येतात. या पाचांतून गट सर्वांत आधी कोणती निवडतो, हा प्रश्न वस्तुतः संशोधनाचा आहे, परंतु क्रूझरमधून उतरलेल्या बायांनी पायऱ्यांच्या दिशेने पदर सावरत चालायला सुरुवात केली, की संशोधनाची गरज उरत नाही. देव झाल्याशिवाय धरण होत नाही.

धरणाचे मात्र सविस्तर होते. विष्णुपुरी हा उपसा जलसिंचन प्रकल्प आहे, याचा अर्थ असा की येथे नदीचे पाणी उताराने आपण होऊन शेताकडे जात नाही, तर ते पंपांनी वर चढवून कालव्यात सोडावे लागते. शंकरराव चव्हाणांच्या नावाने त्या जलाशयाला शंकर सागर म्हणतात. माहिती देणारे साहेब पंपांची अश्वशक्ती, पाणी चढवण्याचे टप्पे आणि भिजणारे हेक्टर सांगत असतात, गट मान डोलावत असतो, आणि साहेब शंका विचारा असे म्हणून थांबले, की मागच्या रांगेतून, पदराआडून, एकच शंका येते : ‘‘पर साहेब, लाइट बिल कोण भरतंय?’’ उपसा सिंचनावर जाडजूड अहवाल लिहून तज्ज्ञ ज्या गाठीशी अखेर येऊन थांबतात, ती ही गाठ. ती पहिल्याच फटक्यात सापडली, हे साहेबांच्या चेहऱ्यावरून कळते, पण अहवालात ती ‘महिलांनी उत्साहाने प्रश्न विचारले’ एवढ्यावर निभावते.

दौऱ्याच्या अंतर्रचनेकडे पाहिले असता तिच्यात प्रवास, सत्कार, माहिती, जेवण आणि फोटो हे घटक आढळतात, आणि त्यांचे परस्पर प्रमाण ठरलेले असते. प्रवास पहाटे सुरू होतो, कारण ‘सहाला निघायचं’ असे ठरले की आठला निघता येते. ज्यांना गाडी लागते त्या खिडकीजवळ बसतात, ज्यांना लागत नाही त्याही खिडकीजवळच बसतात, आणि आवळासुपारीची पुडी या दोन पक्षांमध्ये समेट घडवून आणते. कोणाच्या डब्यात सुशीला असतो (हा नांदेड-लातूरकडचा मुरमुऱ्यांचा पदार्थ असून त्याचे पुण्याकडच्या कोणा सुशीलाबाईंशी नाते सिद्ध झालेले नाही), कोणाच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी असते, आणि यजमान गावाची वेस येण्यापूर्वीच दहा घरांच्या तिखटाचा तौलनिक अभ्यास पूर्ण झालेला असतो. त्यानंतर सत्कार येतो. पाहुणे यजमानांना शाल आणि नारळ देतात, यजमान पाहुण्यांना शाल आणि नारळ देतात, आणि दोन्हीकडच्या अध्यक्षबाईंना मनातून ठाऊक असते की ती शाल मागच्या महिन्यात तिसऱ्याच एका गटाकडून आलेली आहे. समाजशास्त्रात वस्तूंच्या अशा चक्राकार देवघेवीवर मोठे ग्रंथ आहेत. त्यांत नारळाचा समावेश झालेला नाही, कारण नारळ शेवटी कोणीतरी फोडतो.

या प्रथेचे मूळ शोधू गेल्यास दोन वाटा दिसतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट दिशांनी येतात. एक वाट वारीची. गावोगावच्या दिंड्या शेकडो वर्षे एकाच रस्त्याने चालत आल्या, एकमेकींच्या चाली, भजने, स्वयंपाकाच्या युक्त्या आणि पायाच्या फोडांवरची औषधे त्यांनी उचलली, आणि या सगळ्याला कोणी ‘क्षमताबांधणी’ असे नाव दिले नाही. दुसरी वाट साहेबाच्या दौऱ्याची. निजामाच्या राज्यात जिल्ह्याच्या मुख्य अंमलदाराला अव्वल तालुकदार म्हणत, आणि तो दौऱ्यावर निघाला की गावाने काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे ठरवून ठेवायचे, ही विद्या मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तालुकदार गेला आणि गटविकास अधिकारी आला. विद्या तीच राहिली. आजच्या अभ्यास दौऱ्यात पाहुणे बहुधा वारीच्या वाटेने येतात आणि यजमान साहेबाच्या वाटेवर उभे असतात, आणि दौऱ्यातला बराचसा विनोद या चुकामुकीतून जन्माला येतो.

मराठवाड्यातून निघणाऱ्या दौऱ्यांचे ओघ जुने आहेत. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही त्यांची पंढरी, आणि औरंगाबादजवळचे (आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळचे) पाटोदा हे अलीकडचे तीर्थ. आदर्श गावांच्या चळवळीत ‘सप्तसूत्री’ नावाचा एक नियमसंच आहे, आणि त्यातील नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, लोटाबंदी आणि बोअरवेलबंदी या सहा सूत्रांत ‘बंदी’ आहे. सातवे श्रमदान, तेही ऐकताना बंदीसारखेच वाटते. पाहुण्यांना ही नावे पाठ करायला वेळ लागत नाही, अर्थ पटायला लागतो. त्यातून दौरा नगर जिल्ह्यात गेला म्हणजे शनिशिंगणापूर टळत नाही, आणि सकाळी ज्या गावात दारू बंद आहे असे ऐकले, त्यानंतर दुपारी ज्या गावात दारेच नाहीत असे पाहिले, तर संध्याकाळपर्यंत दारूबंदी आणि दारबंदी यांची सरमिसळ होऊन गावी परतल्यावर सासूबाईंना नेमके काय सांगितले जाते, ते दौऱ्याच्या उद्दिष्टांत बसवणे अवघड होते.

हिवरे बाजारचे उदाहरण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. पोपटराव पवार १९८९ च्या सुमारास तेथे सरपंच झाले, आणि पुढे त्या अवर्षणग्रस्त गावाने ओढ्यानाल्यांवर आणि डोंगरउतारावर पाणी अडवून, पडलेल्या पावसाचा दरसाल ताळेबंद मांडून, त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवण्याची पद्धत घालून घेतली. यालाच पाण्याचा अर्थसंकल्प म्हणतात. या शिस्तीत उसासारख्या तहानलेल्या पिकाला जागा नाही. लातूर जिल्ह्यातला शेतकरी हे ऐकतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला आणलेले पाणी त्याने पाहिलेले असते, आणि म्हणून ही गोष्ट त्याला पटते, अगदी मनापासून पटते, टाळ्याही तोच आधी वाजवतो. परतीच्या वाटेवर चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज येतो, कोण्या नाथाच्या नावाची पाटी असलेल्या रसवंतीपाशी गाडी थांबते, आलं-लिंबू टाकलेला ऊस ग्लासाग्लासाने पोटात जातो, आणि दुसरा ग्लास संपता संपता कोणीतरी म्हणतो, ‘‘गाव चांगलंय, पर कारखान्याचं पाणी आपल्याकडं वायलं.’’ या वाक्यात पाण्यावर उसाने मिळवलेला विजय आहे, आणि तो दिवसभराच्या व्याख्यानाइतकाच अभ्यासनीय आहे.

पाटोद्याची गत याहून मजेची. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तेथील ग्रामपंचायतीने पिठाची गिरणी बसवली आणि जे कुटुंब सगळा कर वेळेवर भरील त्याला दळण फुकट, असा नियम केला. योजना साधी, आणि तिच्यात गोम एकच, ती म्हणजे कर. पाटोद्याहून परतलेल्या जवळजवळ प्रत्येक गटाने आपल्या सरपंचाकडे गिरणीची मागणी लावून धरलेली आढळते. कराचा उल्लेख वाटेतच कोठेतरी सांडतो. ज्ञान एका गावातून दुसऱ्या गावात जाताना त्याचे फायदे आधी पोचतात आणि अटी मागच्या गाडीने येतात. मागची गाडी बहुधा येत नाही.

ज्या गावांना रोज पाहिले जाते, त्यांचेही हाल असतात. तेथील शाळकरी पोर पाहुण्याचा चेहरा पाहून तो कृषी विभागाचा की बँकेचा हे ओळखते आणि त्याप्रमाणे शोषखड्ड्याची माहिती लहान किंवा मोठी सांगते. (शोषखड्डा म्हणजे सांडपाणी जिरवण्यासाठी दगडगोट्यांनी भरलेला खड्डा, अभ्यास दौऱ्यात याच्याइतका निरखला गेलेला खड्डा दुसरा नाही.) तेथील म्हातारी ‘‘पहिलं लई हाल होते, आता बरं हाय’’ हे वाक्य अशा सफाईने म्हणते, की त्यामागे प्रत्यक्ष भोगलेले हाल होते, हेच विसरायला होते. आदर्श झाल्यानंतर आदर्श दिसत राहणे हा एक स्वतंत्र, बिनपगारी धंदा होऊन बसतो.

येथपर्यंतच्या विवेचनावरून अभ्यास दौऱ्यातून कोणी काही शिकतच नाही असे वाटण्याचा संभव आहे, पण लातूरच्याच इतिहासात याचे इतके ठळक उत्तर आहे की तेथे थट्टेचा सूर आपोआप खाली येतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र संपत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराखाली गेली. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, म्हणजे लाकडी पटईवर माती अंथरून केलेले सपाट छप्पर, ही या मुलखाची उन्हाळ्यात गारवा देणारी घरे होती. हादरा बसताच दगड एकमेकांना धरून राहिले नाहीत. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. उरलेल्या शेकडो गावांत मात्र आहे त्या घराची डागडुजी आणि मजबुतीकरण लोकांनी स्वतः करायचे, सरकारने हप्त्याहप्त्याने पैसे आणि अभियंत्याचा सल्ला द्यायचा, असे ठरले; आणि अभियंत्याची भाषा घराला आणि घराची भाषा अभियंत्याला कळावी म्हणून गावातल्याच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो गावांत हे काम उभे राहिले.

ज्या बाईने तोपर्यंत परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, ती आता साहेबांना भिंतीत आरपार जाणारे दगड किती घातले ते मोजून दाखवू लागली, आणि गवंड्याला ‘‘ह्या कोपऱ्यात सळई कुठंय?’’ असे विचारू लागली. गवंड्यांच्या इतिहासात हा प्रसंग भूकंपाइतकाच हादरवणारा गणला जावा.

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या या बाया तिकडे गेल्या. तेथे शाल नव्हती, नारळ नव्हता, बॅनर लावायला भिंत नव्हती. अशा वेळी कामाला येते ते ज्ञान पुस्तकात नसते : पहिला हप्ता केव्हा हातात पडतो आणि दुसरा कशावर अडतो, पंचनाम्यात आपले नाव आहे की नाही हे कोणाला विचारायचे, घर कोणाच्या नावावर लिहून घ्यायचे, तंबूत राहणाऱ्या बाईने दिवसा अंघोळ कोठे करायची. हे सांगणाऱ्या बाईने स्वतः ते भोगलेले असते, एवढीच तिची पदवी. आणि शिकणे एकतर्फीही राहत नाही, कारण कच्छचे ‘भुंगे’, म्हणजे मातीच्या गोल भिंतींची आणि शंकूच्या आकाराच्या हलक्या छपराची पारंपरिक घरे, त्या भूकंपातही बऱ्यापैकी टिकली होती. आयुष्यभर चौकोनी माळवदाखाली झोपलेल्या माणसाला गोल भिंतीकडे पाहून जे कळते, ते नकाशावरून कळत नाही. भाषेची अडचण येईल म्हणावे, तर भूकंप, हप्ता, सिमेंट, सरपंच आणि साहेब हे शब्द दोन्हीकडे जवळजवळ तेच आहेत, आणि भूकंपानंतरचे वर्षभर एवढ्या पाच शब्दांवर काढता येते.

१९९९ च्या मार्मारा भूकंपातून सावरणाऱ्या तुर्कस्तानातल्या स्त्रियांशीही या स्त्रियांचे असेच जाणे-येणे झाले. तुर्की भाषेत आठवड्याला ‘हाफ्ता’ म्हणतात. आपला ‘हप्ता’ही त्याच फारसी शब्दातून आला, पण सरकारी अनुदानाशी लग्न लावल्यापासून तो आठवड्याने येतो असे कोणी मराठी माणूस समजत नाही. मुंबईत भायखळ्याच्या पदपथावर राहणाऱ्या ‘महिला मिलन’च्या बायांनी कापडाच्या आणि बांबूच्या पूर्ण आकाराच्या घरांतून आपल्याला घर कसे हवे ते मांडले, आणि नव्वदच्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या झोपडीवासीयांशी त्यांच्या भेटी सुरू झाल्या, त्याही याच जातीच्या. सारख्या संकटातून गेलेली दोन माणसे समोरासमोर बसली, की कार्यक्रमपत्रिकेची गरज राहत नाही.

पाहण्याचा प्रत्येक प्रकार अभ्यासात मोडत नाही, हेही नांदेड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. धर्माबाद तालुक्यातला गोदावरीवरचा बाभळी बंधारा पाहण्यासाठी जुलै २०१० मध्ये आंध्र प्रदेशातले तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह सीमेवर आले, तेव्हा बंधारा दिसण्यापूर्वीच त्यांना अडवून धर्माबादच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या इमारतीत काही दिवस स्थानबद्ध ठेवण्यात आले. मुक्काम प्रशिक्षण संस्थेत झाला असला तरी या दौऱ्याला प्रशिक्षण म्हणता येत नाही. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बंधाऱ्याच्या पाण्यावरून चाललेल्या दोन राज्यांच्या वादाचा निकाल दिला, आणि त्यानुसार बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. त्यासाठी दरवर्षी महाराष्ट्राचे, आंध्रातून वेगळ्या झालेल्या तेलंगणाचे आणि केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी ठरल्या दिवशी नदीकाठी जमतात. न्यायालयाच्या हुकुमाने होणारी एवढी नियमित परस्परभेट दुसरी आढळत नाही.

साध्या दौऱ्याला हुकूम लागत नाही, पण अहवाल लागतो. अहवालात ‘काय पाहिले’, ‘काय शिकलो’ आणि ‘गावात काय करणार’ असे तीन रकाने असतात. पहिला तुडुंब भरतो, दुसऱ्यात पहिल्यातलेच पुन्हा येते, आणि तिसऱ्यात ‘प्रयत्न करू’ असे लिहून खाली सह्या आणि अंगठे होतात. वाटेत मागच्या बाकावर झालेली चर्चा कोणत्याही रकान्यात बसत नाही. थकबाकीदार बाईच्या दारात सगळ्या गटाने जाऊन नुसते बसून राहायचे, चहा झाला तरी उठायचे नाही, ही वसुलीची युक्ती यजमान गटाच्या सचिवबाईंनी भांडी घासताना सांगितलेली असते. ती मराठवाड्याच्या गावोगावी पसरली तरी कोणत्याही अहवालात तिची नोंद सापडायची नाही.

दौऱ्याचे खरे फळ बरेचदा परतभेटीत दिसते. परतभेट म्हणजे ज्यांच्याकडे आपण गेलो, ते आता आपल्याकडे येणार, ही बातमी. ती आली, की वर्षभर ठराववहीत अडकलेली गटारे आठ दिवसांत वाहती होतात, उकिरडे वेशीबाहेर जातात, अंगणवाडीच्या भिंतीवर फळांची चित्रे उगवतात, आणि ज्या गावाने तीन आदर्श गावे पाहून एक झाड लावले नव्हते, ते पाहुण्यांच्या धास्तीने झाडांना आळी करून पाणी घालू लागते. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचे गमकही, नीट पाहिल्यास, बक्षिसाइतकेच तपासणी समितीच्या गाडीत होते.

ठरल्या दिवशी पाहुण्या येतात, सुशीला होतो, सत्कार होतो, शाल आपल्या मूळ गावी परत जाते. गटाच्या वह्या दाखवून होतात. मग रांगेने घरे पाहताना एखाद्या पाहुणीची नजर परसातल्या, दाराला कुलूप असलेल्या शौचालयावर जाते, आणि ती सहज विचारते, ‘‘ताई, ह्ये बंद का हाय?’’ अध्यक्षबाई इकडे-तिकडे बघतात, दौऱ्याबरोबर आलेल्या मॅडम पुढे निघून गेल्याची खात्री करतात, कंबरेची किल्ली काढतात आणि दार उघडतात. आत छतापर्यंत गोवऱ्या रचलेल्या असतात, वर कडब्याच्या दोन पेंढ्या, आणि भांड्यावर उपडे ठेवलेले एक टोपले. क्षणभर दोघी आत पाहत राहतात.

‘‘आमच्यात बी,’’ पाहुणी म्हणते, ‘‘पर आमच्यात कांदे हायेत.’’

आणि दोघी तिथेच उंबऱ्यावर बसतात.